बीड नावाचा मठवासी: आधी गणिती, मग इतिहासकार

इतिहास शिकणाऱ्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे, आणि त्या एका प्रश्नात तीन आहेत. आठव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला राहिलेल्या बीड नावाच्या ख्रिस्ती मठवाशाने इसवी सन सुरू केला, हे खरं का? आयुष्यभर एकाच मठात राहिलेल्या माणसाला सगळ्या देशाचा इतिहास कळला कसा? आणि पानोपानी चमत्कार असलेला त्याचा इतिहास भरवशाचा कसा धरायचा?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. गेली २८ वर्षं पंचांगाचं गणित करतो. बीडकडे मी आलो तो त्याच्या कालगणनेच्या ग्रंथावरून; त्याचा इतिहास पुष्कळ नंतर वाचला. आता वाटतं की त्याला समजून घ्यायचा हाच क्रम योग्य आहे. बहुतेक जण उलट करतात. इतिहास वाचतात, कालगणनेचा ग्रंथ अवघड म्हणून बाजूला ठेवतात, आणि मग तारखांच्या बाबतीत हा माणूस इतका हट्टी का, हे त्यांना उमगत नाही. नावाबद्दल एवढंच की आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. हा इंग्रजी उच्चार झाला. लॅटिनमध्ये तो बेदा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. इसवी सन बीडने काढला नाही. डायोनिसियस एक्झिगस नावाच्या मठवाशाने ५२५ मध्ये रोममध्ये ईस्टरच्या तारखांचं कोष्टक तयार केलं. तोवर अशा कोष्टकांत वर्षं डायोक्लीशन या रोमन बादशहापासून मोजत. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव सणाच्या कोष्टकात कशाला, म्हणून डायोनिसियसने ख्रिस्ताच्या अवतारापासून वर्षं मोजली. ही सोय कोष्टकापुरतीच होती. त्या सनाच्या दोरीत एका देशाच्या घटना एकामागून एक ओवणारा पहिला मोठा इतिहास मात्र बीडचा, ७३१ मध्ये पुरा झालेला. ज्युलियस सीझर ब्रिटनमध्ये उतरला ते वर्ष त्याने ‘अवताराच्या आधीचं साठावं’ असं दिलं आहे. आकडा चुकला आहे, पण सनाच्या मागे जाऊन मोजायची वाट त्याने तिथे वापरून दाखवली. युरोपभर त्याच्या पुस्तकांच्या नकला होत गेल्या आणि त्यांच्याबरोबर सनही रुळला.

याची गरज का पडली, ते एका दगडावरून चांगलं समजतं. बीडचा मठ जिथे होता त्या जारोच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्या चर्चच्या अर्पणाचा मूळ शिलालेख अजून आहे. त्यात दिवस दिला आहे तो असा: मे महिन्याच्या कॅलेंड्सपूर्वी नववा दिवस, राजा एग्फ्रिथचं पंधरावं वर्ष, मठाधिपती चेओलफ्रिथचं चौथं वर्ष. कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस; रोमन लोक त्याच्यापासून उलटं मोजत आणि तो दिवसही मोजणीत धरत. हिशेब केला की २३ एप्रिल ६८५ येतो. पण हा हिशेब आपण करतो. दगडावर ६८५ नाही. चारच आठवड्यांनी, २० मे रोजी, उत्तरेच्या, आजच्या स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांशी लढताना एग्फ्रिथ मारला गेला आणि त्याच्या वर्षांची मोजणी तिथेच तुटली.

आपल्याकडचे शिलाहार-यादवांचे लेख वाचणाऱ्याला याचं नवल वाटेल, कारण तिथे शक असतो, संवत्सर असतो, बहुधा तिथी-वारही असतो. बीडच्या इंग्लंडमध्ये लहानमोठी अनेक राज्यं होती आणि प्रत्येकाचं वर्ष आपापल्या राजापासून चालायचं. दक्षिणेच्या केंटमधली घटना आधीची की उत्तरेच्या नॉर्थम्ब्रियातली, हे ठरवायला दोन्ही राजांची वर्षं शेजारी मांडून मेळ घालावा लागे. तो मेळ बीडने घातला. त्यासाठी लागणारा सांधा त्याच्याकडे आधीपासून तयार होता, कारण त्याचं निम्मं आयुष्य ईस्टरच्या गणितात गेलं होतं.

ईस्टरचं गणित म्हणजे काय, ते पंचांग पाहणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत कळेल. वसंतसंपातानंतर येणारी पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणजे सौर वर्ष, चांद्र मास आणि सात वारांचं चक्र, या तिघांची गाठ. १९ सौर वर्षांत २३५ चांद्र मास बसतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वर ७ अधिक मास. आपल्याकडेही १९ वर्षांत साधारण ७ अधिक मास येतात. चंद्र एकच आहे, त्यामुळे गणितही एकच. लीप वर्षासकट वारांचं चक्र २८ वर्षांचं, आणि १९ गुणिले २८ म्हणजे ५३२ वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. बीडने हे पूर्ण चक्र मांडलं आणि ईस्टरच्या तारखा १०६३ पर्यंत दिल्या.

हे तो हातावर शिकवायचा. डावा हात समोर धरा. चार बोटांची पेरं तीन-तीन, अंगठ्याची दोन, झाली १४. त्यात पाच नखं मिळवा: १९. हे चंद्राचं चक्र. आता नखं सोडा आणि दोन्ही हातांची पेरं मोजा: २८. हे सूर्याचं. पेरांवर जप मोजणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती सांगितली असती तर त्यांनी लगेच उचलली असती. त्याच्या ‘काळाची गणना’ या ७२५ मधल्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण बोटांवर मोजण्याचं आहे. डाव्या हाताच्या बोटांवर एकं-दहं, उजव्यावर शतकं-सहस्रं, असं ९९९९ पर्यंत; त्यापुढे छाती, पोट, मांडी अशा जागी हात ठेवून दहा लाखांपर्यंत. मी हे करून पाहिलं आहे. करंगळी आणि अनामिका स्वतंत्रपणे वाकवायला बोटांना आठवडाभर सवय करावी लागते.

तारखेचा एवढा हट्ट का, याचं उत्तर त्याच्या इतिहासात तिसऱ्या पुस्तकाच्या २५ व्या प्रकरणात आहे. आयर्लंडहून आलेले मठवासी ८४ वर्षांचं जुनं चक्र धरून ईस्टर पाळायचे. रोमकडून आलेले नवं चक्र धरून. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्विऊ पहिल्या पठडीतला, त्याची राणी एन्फ्लेड केंटमध्ये वाढलेली, दुसऱ्या पठडीतली. त्यामुळे एकाच वाड्यात राजाचा उपवास सुटून ईस्टरची मेजवानी चाललेली असे, आणि राणी व तिची माणसं त्याच दिवशी ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार पाळत उपाशी असत. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या एका घरात पाळलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही; फक्त इथे प्रश्न एका दिवसाचा नव्हता, पूर्ण आठवड्याचा होता आणि राज्याचा होता. ६६४ मध्ये व्हिटबीच्या मठात सभा भरली. ते मठ हिल्ड नावाच्या स्त्रीच्या हाताखाली होतं. सभेत राजाने रोमच्या बाजूने कौल दिला.

त्याच वर्षी एक ग्रहण झालं, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यांत जास्त शिकवणारी जागा तीच आहे. बीड लिहितो की ६६४ मध्ये ३ मे रोजी (सूर्योदयापासून मोजलेल्या) दिवसाच्या दहाव्या तासाच्या सुमारास सूर्यग्रहण झालं. आज गणित केलं तर ते १ मे रोजी येतं. आयर्लंडच्या वार्षिक नोंदींतही १ मेच आहे. तिथे कोणीतरी अंधार पडलेला पाहून लिहून ठेवलं होतं. मग ३ मे आला कुठून? कोष्टकातून. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, आणि १९ वर्षांच्या चक्राप्रमाणे त्या महिन्याची अमावास्या ३ मे रोजी येत होती. हे चक्र फार चांगलं आहे पण तंतोतंत नाही; सुमारे ३१० वर्षांत ते एका दिवसाने चुकतं. ६६४ पर्यंत आकाशातला चंद्र कोष्टकाच्या पुढे निघून गेला होता. लोकांना कधीकधी चंद्र कोष्टकातल्या तिथीपेक्षा पुढे गेलेला दिसतो हे बीडच्या कानावर होतं. त्यावर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहून कारणंही शोधली. कोष्टक मात्र बदललं नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट घडली आहे. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा पंचांगगणिताचा ग्रंथ १५२० चा. त्यावरून केलेली पंचांगं काही शतकांनी आकाशाशी जुळेनाशी झाली, आणि दृक्प्रत्यय हवा, म्हणजे गणितात आलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे, असा आग्रह व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांना धरावा लागला. जुन्या पंचांगकर्त्यांनी तो सहजासहजी मानला नाही. म्हणून ग्रहणाच्या चुकीवरून बीडला नावं ठेवणारे लेख वाचले की मला पटत नाहीत. सगळ्या देशाने एका दिवशी सण पाळावा यासाठी ज्याने आयुष्य वेचलं, त्याने एका ग्रहणासाठी कोष्टक मोडलं असतं तर पुन्हा राजाराणीचे दोन ईस्टर सुरू झाले असते. चूक ती चूकच. पण तिच्यामागचं ओझं लक्षात घ्यायला हवं.

आकाश तो पाहत नव्हता असंही नाही. समुद्र तर नक्कीच पाहत होता. जारो टाइन नदीच्या मुखाजवळ आहे, भरतीचं पाणी मठाच्या जवळपर्यंत यायचं. ‘काळाची गणना’चं २९ वं प्रकरण भरती-ओहोटीचं आहे आणि ते मी कितीदा वाचलं याची गणती नाही. तो म्हणतो, दोन चांद्र मासांत, म्हणजे ५९ दिवसांत, चंद्र पृथ्वीभोवती (रोजचं उगवणं-मावळणं धरून) ५७ फेऱ्या करतो आणि समुद्राला त्याच्या दुप्पट, म्हणजे ११४ वेळा भरती येते. ५९ दिवसांचे तास करून ५७ ने भागा. २४ तास ५० मिनिटं येतात. आजचं कोष्टकही हेच सांगतं. पुढे तो म्हणतो की एकाच किनाऱ्यावर एका बंदरात पाणी चढायला लागतं तेव्हा दुसऱ्यात ते उतरत असतं, आणि प्रत्येक बंदराचा आपला नेम असतो. सगळीकडे एकाच वेळी भरती येते असं आधीच्या ग्रंथांत होतं. ते त्याने खोडलं. हे वाचून लिहिता येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावं लागतं.

माझं आजोळ कोकणातलं, खाडीकाठचं. होडी काढायच्या आधी मामा आजीला तिथी विचारायचे आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. पंचमी म्हणजे पावणेचार, अष्टमी म्हणजे सहा. तिथीमागे पाऊण तास. बीडनेही असाच एक आडाखा दिला आहे, चांदणं किती वेळ राहील ते काढायचा: शुक्ल पक्षात चंद्राच्या वयाला, म्हणजे अमावास्येपासूनच्या दिवसांना, चाराने गुणा, पाचाने भागा, तितके तास. म्हणजे दिवसामागे ४८ मिनिटं. मामांची पाऊण आणि बीडचे चार-पंचमांश यांत तीन मिनिटांचं अंतर. दोघांनाही तोंडी करता येईल असं गणित हवं होतं.

याच ग्रंथात इंग्रज लोकांच्या जुन्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या महिन्यांची नावं त्याने टिपून ठेवली आहेत, आणि त्याच्याआधी ती कोणी टिपलेली आढळत नाहीत. त्यांच्या वर्षातही अधिक मास होता. जून-जुलैच्या सुमाराच्या दोन महिन्यांना ते लिथा म्हणत. अधिक मास यायचा तेव्हा उन्हाळ्यात तिसरा लिथा घालत आणि त्या वर्षाला ‘तीन लिथांचं वर्ष’ म्हणत. आपला अधिक मास पुढच्या महिन्याचंच नाव घेतो, तसंच काहीसं. ईस्टर हे नाव एओस्त्रे या जुन्या देवीच्या महिन्यावरून आलं, हेही इथेच आहे. त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही लेखकाने तिचा उल्लेख केलेला नाही. आपल्या पूर्वजांचा जुना धर्म त्याला चुकीचाच वाटत होता, तरी त्याने तो पुसून टाकला नाही, नोंदवला. ही प्रामाणिकता मला मोठी वाटते.

आता दुसरा प्रश्न: एका जागी राहून त्याला इतकं कळलं कसं?

त्याचा जन्म ६७३ च्या आसपासचा. सातव्या वर्षी घरच्यांनी त्याला बेनेडिक्ट बिस्कप या मठाधिपतीच्या स्वाधीन केलं, आधी वेअरमथला, मग तिथून सुमारे ११ किलोमीटरवरच्या जारोला. दोन जागा, पण मठ एकच. ६८६ मध्ये साथ आली. चेओलफ्रिथचं चरित्र लिहिणाऱ्या एका अनामिक मठवाशाने नोंदवलं आहे की जारोमध्ये स्तोत्रं आणि त्यांची पालुपदं म्हणू शकणारे दोघेच उरले: स्वतः मठाधिपती आणि एक लहान मुलगा. दोघांना सगळं झेपेना, म्हणून पालुपदं बरीचशी गाळायची असं ठरलं. आठवडाभर तसं केलं, रडत रडत. मग मठाधिपतीला सहन होईना. पुन्हा पूर्ण पाठ सुरू झाला, दोघांनीच, नवी माणसं तयार होईपर्यंत. तो मुलगा बीडच होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा असेल. नेम न मोडणारा जो माणूस पुढे दिसतो तो या आठवड्यात घडला, असं माझं मत आहे.

बिस्कपने रोमच्या अनेक वाऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी ग्रंथ आणले. मठात दोनशेहून जास्त ग्रंथ असावेत असा अंदाज आहे. त्या काळी उत्तर युरोपात एवढा संग्रह दुर्मीळ होता. काचेचं काम करणारे कारागीर त्याने फ्रान्सकडून आणले, गायन शिकवायला रोमहून माणूस आणला. बीड रोमला गेला नाही. रोमचा बराच भाग त्याच्या मठात आला होता. त्या मठाची ऐपत केवढी, हे पाहायचं तर फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात जावं लागेल. चेओलफ्रिथने संपूर्ण बायबलाच्या तीन प्रचंड प्रती करवून घेतल्या होत्या. त्यातली एक तिथे आहे: १०३० पानं, वजन ३४ किलोच्या आसपास, पाचशेहून अधिक वासरांची कातडी. ७१६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती पोपला भेट द्यायला चेओलफ्रिथ निघाला आणि वाटेत लाँग्र इथे वारला. त्याच्या अचानक जाण्याने मन इतकं ढवळलं की हातातलं भाष्य थांबवावं लागलं, असं बीडने स्वतः लिहून ठेवलं आहे.

इतिहासासाठी त्याने जे केलं ते मात्र ग्रंथालयापलीकडचं होतं. प्रस्तावनेत तो कोणाकडून काय कळलं ते नावानिशी सांगतो. कँटरबरीचा मठाधिपती आल्बिनस, ज्याच्या आग्रहाने हे काम हाती घेतलं. लंडनचा नॉथहेल्म, जो रोमला गेला, तिथल्या दप्तरात शोध घेऊन पोप ग्रेगरीच्या पत्रांच्या नकला करून घेऊन आला. पश्चिमेकडच्या सॅक्सन लोकांचा बिशप डॅनियल. लास्टिंगहॅमचे मठवासी. कागद ज्यांच्याकडून आले त्यांची नावं, तोंडी माहिती ज्यांनी दिली त्यांची नावं. घरबसल्या पत्रं पाठवून त्याने एक यंत्रणाच उभी केली होती. आणि पत्रं सारांश करून न घालता बरीचशी जशीच्या तशी घातली. मूळ कागद हरवले तरी मजकूर राहिला तो त्यामुळे.

म्हणून तिसरा प्रश्न, भरवशाचा. बीड वाचताना एक सवय लावून घ्या: प्रत्येक गोष्ट तो कोणाच्या तोंडून सांगतो ते पाहायचं. रोमच्या बाजारात विकायला आणलेली गोरी मुलं पाहून ग्रेगरी म्हणाला, हे अँगल (इंग्रजांची एक जमात) नव्हेत, एंजल (देवदूत) आहेत, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. बीड ती वाडवडिलांकडून आलेली म्हणून देतो, कागदाच्या पुराव्याने आलेली म्हणून देत नाही. चमत्कारांचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी ‘हे अमक्याने मला सांगितलं, तो तिथे होता’ असं येतं. चमत्कार त्याला शक्यच वाटत होते, तेव्हा त्याने ते गाळले नाहीत; पण साक्षीदार दिला. आपण चमत्कार मानू नये, पण त्या साक्षीदाराचं गाव, मठ, बोलणं हे सगळं खरं म्हणून वापरता येतं.

जिथे सावध राहायचं ती जागा वेगळी आहे. आधीपासून त्या बेटावर राहणारे ब्रिटन लोक ख्रिस्ती होते, पण त्यांनी इंग्रजांना धर्म शिकवला नाही आणि ईस्टर चुकीच्या दिवशी पाळला, याचा बीडला राग होता. चेस्टरच्या लढाईत प्रार्थना करायला आलेले बँगोरचे सुमारे १२०० ब्रिटन मठवासी मारले गेले, हे सांगताना त्याच्या शब्दांत दुःख नाही. त्यांना मिळायची ती शिक्षा मिळाली, असा सूर आहे. तो भाग मला वाचवत नाही. आयर्लंडच्या माणसांशी तो वेगळं वागतो: त्यांचा ईस्टर चुकीचा म्हणतो आणि त्यांच्या साधेपणाची, दानाची मनापासून स्तुतीही करतो. ७१६ मध्ये आयोना बेटावरच्या त्यांच्या मठाने नवा ईस्टर स्वीकारला. त्यांचं मन वळवणारा एग्बर्ट ७२९ मध्ये ईस्टरच्याच दिवशी वारला, आणि तो ईस्टर २४ एप्रिलला आला होता. जुन्या कोष्टकात ही तारीख कधी येऊच शकत नव्हती. बीड हे मुद्दाम नोंदवतो. गणिती माणसाने वाहिलेली श्रद्धांजली आहे ती.

त्याच्या काळातल्या धर्मसत्तेबद्दल इतिहासात तो फार बोलत नाही, त्यामुळे तो भिडस्त वाटतो. पण ७३४ मध्ये यॉर्कच्या बिशपला, त्याचं नावही एग्बर्टच, लिहिलेलं पत्र वाचा. दूरच्या डोंगरी गावांत बिशप वर्षानुवर्षं फिरकत नाही, पण त्या गावांना त्याची पट्टी चुकत नाही, असं तो स्वच्छ लिहितो. नावापुरती मठं काढून जमिनी लाटणाऱ्यांवर तो तुटून पडतो. ज्यांना लॅटिन येत नाही अशा धर्मगुरूंसाठी प्रभूची प्रार्थना आपण इंग्रजीत करून दिली आहे, हेही त्यातच आहे. स्वतःवर आळ आला तेव्हाही तो गप्प बसला नव्हता. सृष्टीच्या निर्मितीपासून ख्रिस्तापर्यंत ३९५२ वर्षं, असा हिशेब त्याने ७०३ मध्ये काढला. रूढ आकडा हजाराहून अधिक वर्षांनी मोठा होता. ७०८ मध्ये एका बिशपच्या पंगतीत कोणीतरी त्याला पाखंडी म्हटलं. त्याने लिहिलेलं उत्तर कडक आहे, आणि ते बिशपपुढे वाचून दाखवा असंही त्याने सांगितलं.

७३५ च्या वसंतात त्याला दम लागू लागला, पाय सुजले. शिष्य कथबर्टने त्या दिवसांचं पत्र लिहून ठेवलं आहे. दिवसा शिकवणं चालूच होतं. योहानाच्या शुभवर्तमानाचं इंग्रजी भाषांतर चाललं होतं, पाच भाकरी आणि दोन मासे येतात त्या जागेपर्यंत आलं होतं: ‘पण इतक्या लोकांना त्याचं काय होणार?’ बरोबरीने इसिडोर या जुन्या लेखकाच्या एका ग्रंथातले उतारेही तो काढत होता. का, तर आपल्यामागे विद्यार्थ्यांनी चुकीचं काही वाचू नये. शेवटच्या दिवशी त्याने आपली पेटी आणवली. तिच्यात मिरी, रुमाल आणि धूप होता. ते मठातल्या धर्मगुरूंना वाटून टाकलं. काळी मिरी तेव्हा मलबारातून निघून किती हात बदलत तिथवर पोचत असेल! संध्याकाळी विल्बर्ट नावाचा मुलगा म्हणाला, एक वाक्य राहिलंय. ‘लिही,’ तो म्हणाला. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, झालं. बीडने आपल्याला जमिनीवर बसवायला सांगितलं, नेहमी प्रार्थना करायचा त्या जागेकडे तोंड करून, आणि तिथेच तो गेला. बुधवार, २५ मेची ती संध्याकाळ. पण सणाचा दिवस आदल्या संध्याकाळी लागतो या हिशेबाने ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार सुरू झाला होता, म्हणून त्याच्या मृत्यूची तारीख २६ मे धरतात.

पुढे पुस्तकांना इतकी मागणी आली की मठाला नकला पुरवता येईनात. ७६४ मध्ये, तोवर मठाधिपती झालेला हाच कथबर्ट, जर्मनीतल्या माइन्ट्सच्या बिशपला कळवतो की गेला हिवाळा फार कडक गेला, थंडीने लिहिणाऱ्यांचे हात चालेनात, म्हणून थोडंच पाठवतोय. इतिहासाच्या दीडशेहून अधिक हस्तलिखित प्रती आज शिल्लक आहेत. केंब्रिजमधली एक तर त्याच्या मृत्यूनंतर दोनेक वर्षांतली मानतात. त्याच्या अस्थी अकराव्या शतकात जारोहून डरॅमला नेल्या, तिथल्या कॅथीड्रलमध्ये त्याची समाधी आहे.

वाचायला सुरुवात कुठून करायची, हेही विचारलं होतं. पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला बसू नका, कंटाळा येईल. आधी प्रस्तावना. मग पाचव्या पुस्तकाचा शेवट, जिथे तो सगळ्या घटना सनावार पुन्हा मांडतो आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्याची पाऊण पानाची हकीकत देतो: शिकणं, शिकवणं आणि लिहिणं यातच मला गोडी वाटत आली, असं त्यात आहे. मग व्हिटबीची सभा, आणि मग हिल्डच्याच मठातला कॅडमन, ज्याला गाता येत नाही म्हणून तो मेजवानीतून उठून गोठ्यात जाऊन झोपतो. कालगणनेचा ग्रंथ हाती लागला तर १५ वं आणि २९ वं प्रकरण वाचा. २९ वं वाचताना शेजारी पंचांग उघडून ठेवा, आणि किनाऱ्यावर राहत असाल तर पंधरा दिवस रोज भरतीची वेळ लिहून पाहा.